नाव नसलेल्या वाटेवरची मार्थाबाई

पोळीचं ताट मार्थाबाईच्या पुढ्यातून गेलं आणि थांबलं नाही. ते पुढे नेणारा हात माझा होता.

रविवारची सकाळ. तिच्याच घराची पुढची खोली. दार आतून लावलेलं, खिडकीवर गोधडी टाकलेली. दुष्काळाचा उन्हाळा, त्यात बंद खोली, म्हणजे बसल्या जागी घामाच्या धारा. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून बसलो होतो. ताट एका टोकाकडून निघायचं, प्रत्येकाने एक तुकडा मोडून घ्यायचा आणि शेजारच्याच्या हातात ताट द्यायचं, अशी रीत होती. माझ्या शेजारी मार्थाबाई होती आणि तिच्या पलीकडे तिची मुलगी सुनंदा. ताट मार्थाबाईच्या हातात द्यायचं नाही, तिच्या अंगावरून पलीकडे द्यायचं, असं मला आदल्या दिवशीच बजावलं होतं. मी तसंच केलं. अर्धी उठले, हात लांब केला आणि तिच्या मांडीवरून ताट सुनंदाकडे दिलं. ताट एका बाजूला कललं.

मार्थाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दये, नीट धर. सांडशील."

सुनंदाने ताट घेतलं, तुकडा मोडला, खाल्ला. समोर मार्थाबाईचा नवरा योहान डोळे मिटून बसला होता. ती पोळी मार्थाबाईनेच सकाळी लाटून भाजलेली होती.

आमच्या पंथाला नाव नव्हतं. कुणी विचारलंच तर "आम्ही वाटेवरचे" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. देऊळ नाही, घंटा नाही, क्रूस नाही, कागदावर कुणाचं नाव नाही. गावात मिशनचं चर्च होतं, ते आमच्या लेखी खोटं घर. आमची सभा घरात भरायची. शिकवणारे दोन-दोन करून पायी हिंडायचे, पुरुषांची जोडी वेगळी, बायकांची वेगळी. त्यांनी लग्न करायचं नाही, घर करायचं नाही, वाटेवरच्यांच्या घरी राहायचं आणि तिथलं खायचं. आमच्याकडे येणाऱ्या जोडीतल्या थोरल्याला मोठे भाऊ म्हणायचे. शिकवण एकच आणि सोपी होती. प्रभूने आपल्या शिष्यांना दोन-दोन करून पाठवलं, तेव्हापासून ही वाट न तुटता चालत आली आहे, हातातून हातात. तारण फक्त या वाटेवर आहे. बाकी सगळे, मिशनवालेसुद्धा, नरकात.

शेवगावच्या पुढे आमचं गाव. त्या भागातल्या तीन-चार गावांतली मिळून सात-आठ घरं वाटेवरची होती. सभा मार्थाबाईच्या घरी, कारण तिची पुढची खोली मोठी होती. मी लग्न होऊन आले ती तिच्या शेजारच्या घरात. माहेर माझंही वाटेवरचंच, त्यामुळे मला नवीन काही नव्हतं. नवीन होती ती मार्थाबाई.

ती उंच होती, अंगाने हडकुळी. केस आयुष्यात कधी कापलेले नाहीत. वाटेवरच्या बायकांनी कापायचे नसत. त्या केसांचा तिचा अंबाडा केवढा तरी व्हायचा, आणि मान त्या वजनाने मागे ओढल्यासारखी दिसायची. परक्यांना ती गर्विष्ठ वाटायची. ती होतीच गर्विष्ठ. मिशनच्या शाळेत सातवी झालेली, पवित्र शास्त्राची पानंच्या पानं पाठ. पण बाईमाणसाने सभेत वाचायचं नाही म्हणून योहान वाचायचा, अडखळत, आणि ती मान खाली घालून ओठांनी पुढचा शब्द आधीच म्हणून ठेवायची. योहानचं लक्ष तिच्या ओठांकडे असायचं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तिचे हात रिकामे बसत नसत. देवाने आपल्याला कसं सावरलं याची कुणी सभेत रडून साक्ष देत असला तरी हिच्या मांडीवर सूप आणि सुपात धान्य. खडे वेचता वेचता ऐकायची. एखादा फारच लांबला की एक खडा बोटाने टिचकी मारून बाहेर उडवायची. साक्ष देणारा तेवढ्यावर आवरतं घ्यायचा.

दार लावून आम्ही काय करतो, याचं गावाला फार कुतूहल होतं. एकदा पाटलांच्या सूनबाईंनी विहिरीवर विचारलं, "काय गं मार्थे, दर रविवारी दारं लावून काय करता गं तुमी?"

"भांडतो," मार्थाबाई म्हणाली. "तुमी दार उघडं ठेवून भांडता, आमी लावून."

नाताळ आम्ही पाळत नव्हतो. शास्त्रात तारीख लिहिलेली नाही, म्हणून तो सण खोटा. गावातल्या मिशनच्या घरांतून तळणाचा वास यायचा आणि आमची पोरं भिंतीला नाक लावून बसायची. मार्थाबाई नाताळच्या दुसऱ्या दिवशी करंज्या करायची. मोठ्या भावांनी एकदा हटकलं, तर म्हणाली, "सव्वीस तारखेलासुद्धा कुणाचा सण असतो का, भाऊ?" आणि त्यांच्यापुढे बशी ठेवली. त्यांनी चार खाल्ल्या.

पण हे वरवरचं. मुळात ती आम्हा सगळ्यांत कडक होती. आमच्यात एक रीत होती, तिला 'रिकामं होणं' म्हणायचे. रविवारी ताटाला हात लावायचा असेल तर शनिवारी दुपारी मनात जे असेल ते बोलून टाकायचं. जोडी गावात असेल तर मोठ्या भावांपुढे, नसेल तर योहानपुढे. केलेलं पाप, आलेला वाईट विचार, कुणाकडून ऐकलेलं काही, सगळं. पोटात ठेवून पोळी खाल्ली तर ती पोळीच तुम्हाला खाते, असं शिकवलेलं होतं. ही रीत मार्थाबाईइतकी कुणी पाळली नाही आणि पाळायला लावली नाही.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी नणंदेबरोबर शेवगावच्या बाजारात तंबूतला सिनेमा बघितला. सिनेमा म्हणजे मोठं पाप. घरी येऊन गप्प राहिले. मार्थाबाईने पाण्याला जाताना माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "बाजारातून काहीतरी घेऊन आलीस तू. पिशवीत न्हाई ते."

मी हंडा या काखेतून त्या काखेत घेतला.

"मी कुणाला सांगणार न्हाई," ती म्हणाली. "तूच सांगायचं. शनिवारच्या आत."

मी सांगितलं. चार रविवार सभेत तोंड उघडायचं नाही अशी शिक्षा झाली. त्या चारही रविवारी ती सभेनंतर मला थांबवून घ्यायची आणि भांडी घासायला लावायची. घासता घासता म्हणायची, "खरं बोलायला काय लागतं? फक्त तोंड. ते तर सगळ्यांना हाय."

सुनंदा नऊ वर्षांची असताना तिने पाटलांच्या रानातल्या मूठभर भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आणि शनिवारी रिकामं व्हायला जमलेल्या पंधरा-वीस माणसांदेखत उभी राहून ते सांगितलं. मार्थाबाईने तिला शाबासकी दिली नाही. शेंगांची टरफलं शोधून तिच्या फ्रॉकच्या ओच्यात घातली आणि पाटलांकडे परत करायला पाठवली. पाटील हसून हसून बेजार झाले. मार्थाबाई मात्र त्या दिवशी मला म्हणाली, "माझ्या पोरीच्या पोटात काही राहत न्हाई, दये. एवढं एक मी नीट केलं." तिच्या तोंडावर तेव्हा जे होतं त्याला अभिमान म्हणतात आणि तो पाप असतो. पण त्या शनिवारी ती त्याबद्दल रिकामी झाली नाही.

तिचं माहेर श्रीगोंद्याकडचं. आई मिशनच्या चर्चमधली, जुनी, भाबडी बाई. मार्थाबाई लग्नानंतर वाटेवर आली आणि आई आली नाही. आई म्हणायची, "मला माझ्या पाळकसायबांनीच माती द्यायची." ती वारल्याचा निरोप आला तेव्हा मार्थाबाई आणि मी बरोबर गेलो. मिशनच्या माणसांबरोबर उभं राहून प्रार्थना म्हणणं वाटेवरच्यांना बंद. म्हणून ती दफनभूमीच्या कुंपणाबाहेर उभी राहिली, निवडुंगापाशी, भर उन्हात. आत गाणं चाललं होतं, तिला ते गाणं लहानपणापासून येत होतं. तिचे ओठ हलले नाहीत. तिचा भाऊ बाहेर आला आणि म्हणाला, "मार्थे, मूठभर माती तर टाक."

"तिथं टाकून तिला काय उपेग?" ती म्हणाली. "ती गेली ती गेलीच."

भाऊ तिच्या पायापाशी थुंकला आणि आत गेला. आपली आई कायमची जळते आहे असं तिला खरोखरच वाटत होतं. लोक असलं तोंडाने म्हणतात. तिला ते वाटत होतं. त्यानंतर तिची झोप उडाली ती कायमची.

पुढच्या वर्षी थोरले बाबा तिच्या घरी मरायला आले. हे मोठ्या भावांच्याही आधीचे, जोडीने हिंडणारे सगळ्यांत जुने. तरुणपणी ते एका गोऱ्या परदेशी भावाबरोबर चालले होते, म्हणून त्यांना मोठा मान. पाय सुजलेले, पोटात काही टिकत नव्हतं. जोडीतला दुसरा त्यांना तिच्याकडे सोडून पुढे गेला. मार्थाबाईने तीन दिवस त्यांना चमच्याने पेज भरवली. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. त्याआधी ते तिच्याशी जे बोलले, ते तिने मला नंतर सांगितलं. ती पदरचं काही घालत नसे, म्हणून मी ते जसंच्या तसं धरते.

ते म्हणाले होते, "मार्थाबाई, मला आता रिकामं व्हायचंय. ही वाट शिष्यांपासून आलेली न्हाई."

तिला वाटलं, त्यांना ग्लानी आहे. पण ते सलग बोलत राहिले. त्यांच्या गोऱ्या भावाच्या बापाच्या वेळी, तिकडे परदेशात, एका माणसाने ही वाट स्वतःच्या डोक्याने काढली. पुढे त्याचंच बाकीच्यांशी वाजलं आणि त्याला बाहेर घातलं. मग त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं, आणि नाव नाही म्हटल्यावर सुरुवातही नाही. त्याच्या आधी काही नव्हतं. हे त्या गोऱ्या भावाने मरणाच्या आधी थोरल्या बाबांना सांगितलं होतं.

"मग तुमी कधी बोलला का न्हाई?" तिने विचारलं.

"कुणाच्या घरी बोलू?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं तुमच्याच भाकरीवर जगलो."

मार्थाबाई मला म्हणाली, "मला आधी देव आठवला न्हाई, दये. मला कुंपणापलीकडची माती आठवली."

महिना-दीड महिना ती हे पोटात घेऊन बसली. तिने, जिने आम्हाला शनिवार शिकवला. दर रविवारी पोळी खात होती आणि सुपातले खडे वेचत होती. मला वाटायचं, दुष्काळाने वाळलीये. ते वर्षच तसं होतं. विहिरी आटल्या, जनावरं विकली, लोक खडी फोडायच्या कामावर गेले. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापली की मोडायची. तरी सभेची पोळी गव्हाचीच पाहिजे, मिलोची चालणार नाही, असा मोठ्या भावांचा हुकूम होता. म्हणून तिने एका मडक्यात थोडे गहू दडवून ठेवले होते, फक्त रविवारसाठी. घरच्यांना मिलो. ती ते मडकं उघडताना एकदा म्हणाली, "देवाला मिलो पचत न्हाई म्हणतात." मी दचकले. ती असलं बोलणारी नव्हती.

ती गप्पच राहिली असती असं मला वाटतं. पण बायकांच्या जोडीची नजर सुनंदावर पडली. सुनंदा सतराची झाली होती, शांत, पाठांतर चांगलं, पायी चालायला दणकट. त्या जोडीतली एक म्हातारी झाली होती, तिच्या जागी कुणीतरी पाहिजे होतं. निरोप आला, की सुनंदाला प्रभूने बोलावलं आहे. एकदा गेलं की घर सुटलं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, आईबाप भेटले तर रस्त्यात. वाटेवरच्या घरात हा मोठा मान समजायचे. योहान तर फुगून गेला. सुनंदा तयारच होती.

तेव्हा मार्थाबाईने मुलीला समोर बसवलं आणि थोरले बाबा बोलले ते सगळं सांगितलं. पोरीने खोट्यापायी जन्म घालवू नये, एवढ्यासाठी. कुणाला सांगू नको, असंही म्हणाली. ही तिची चूक. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मुलीला काहीतरी पोटात ठेवायला सांगितलं. मुलीला ती सवय नव्हती. आईनेच लागू दिली नव्हती.

तो बुधवार होता. शनिवारी जोडी गावात होती. सुनंदा मोठ्या भावांपुढे गेली आणि रिकामी झाली.

मला त्या दुपारी पाणी द्यायला म्हणून आत बोलावलं होतं, म्हणून मी बघितलं. मोठे भाऊ सतरंजीवर बसलेले. ते आवाज चढवत नसत. योहान त्यांच्या बाजूला. मार्थाबाई उभी. सुनंदा दाराआड.

"हे तुला कुणी सांगितलं?" मोठ्या भावांनी विचारलं.

"थोरल्या बाबांनी."

"ते तापात होते."

"तापात माणूस खोटं बोलत न्हाई, भाऊ. तेवढं त्राण नसतं."

"सैतान मरणाऱ्याच्या तोंडून बोलतो, मार्थाबाई. एवढंच म्हण, की तो सैतान होता आणि मी ऐकलं. उद्या ताट तुझ्यापुढे थांबेल."

तिने खरंच विचार केला, मला ते दिसत होतं. मग म्हणाली, "म्हणजे मी तीन दिवस चमच्यानं पेज भरवली ती सैतानाला का? पेज त्याला चालली आणि बोलणं तुमाला चालत न्हाई."

योहान म्हणाला, "मार्थे, म्हण की. म्हणायला काय जातंय?"

"तुमचं कधी काय गेलंय?" ती म्हणाली. योहानला ती एरवी कधी उलटं बोलली नव्हती. "तुमी एक सांगा, भाऊ. वाट कुणी काढली? त्याचं नाव काय हुतं? न्हाई म्हणा, नाव खोटं हाय म्हणा. मी ऐकते."

मोठे भाऊ उत्तर देण्याऐवजी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "दया, तू तिच्या शेजारी बसतेस ना?" ताटाचं त्यांनी मला तेव्हा सांगितलं, तिच्यादेखत. मी हो म्हणाले. मला दुसरं काही म्हणता आलं असतं. मी हो म्हणाले.

बाहेर घातलेल्या माणसाच्या हातचं वाटेवरच्याने खायचं नाही, प्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, मग तो घरचा का असेना. सोमवारपासून त्या घरात दोन चुली झाल्या. आतल्या चुलीवर सुनंदा योहानपुरतं करायची. मार्थाबाईने मागच्या अंगणात, गयाबाईच्या भिंतीला लागून, तीन दगड मांडले. गयाबाई पलीकडच्या घरातली, बौद्ध. त्यांच्या घरी सासऱ्याच्या वेळेपासून तो धर्म आलेला आणि ती तोंडाची फटकळ.

"मार्थाबाई, आमी धर्म बदलला तो सगळ्या गावाला सांगून बदलला," ती भिंतीवरून म्हणाली. "तुमी धरला बी दार लावून आन् सोडला बी दार लावून. कुणाला कळायचं कसं?"

"तुला कळलं ना?" मार्थाबाई म्हणाली. "मग गावाला कळलं."

गयाबाईने हसून एक जळतं लाकूड भिंतीवरून तिच्या चुलीत सरकवलं. त्या महिन्यात मार्थाबाईला कुणी काही दिलं असेल तर ते तेवढंच.

मार्थाबाई आणि मी पाझर तलावाच्या कामावर एकाच टोळीत खडी फोडायला होतो. बोलायला बंदी होती, म्हणून आम्ही एकमेकींकडे न बघता बोलायचो, दगडाकडे बघून. टोळीत वाटेवरचं आणखी एक घर होतं. त्यांचं तोंड तिकडे वळलं की ती एक वाक्य बोलायची, मग हातोडीचे दहा-बारा घाव, मग दुसरं. थोरल्या बाबांचं सगळं बोलणं मी असं आठवडाभर तुकड्यातुकड्याने ऐकलं. शेवटी तिने विचारलं, "तुला खरं वाटतंय का?"

"वाटतंय," मी दगडाला सांगितलं.

"मग?"

मी घाव घालत राहिले. माझ्या पोटात तेव्हा धाकटा मुलगा होता, सासूसासरे वाटेवरचे, नवरा वाटेवरचा. तिने पुन्हा विचारलं नाही.

सुनंदा गेली ती मृगाच्या आधी. बायकांची जोडी सकाळीच येऊन बसली होती. सुनंदाने पांढरं लुगडं नेसलं होतं, काखेत एक बोचकं. योहानने तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मार्थाबाई मागच्या अंगणात चुलीपाशी बसून होती. तिला पुढे यायला मनाई होती. सुनंदा मागच्या दाराशी आली. बोलायला नको होतं, पण बोलली. बाकीच्या दोघी पुढच्या दारात थांबलेल्या, मी मधल्या खोलीत केर काढत होते.

"आई, तूच म्हणायचीस, पोटात काही ठेवू नये."

"व्हय. मीच म्हणत हुते."

"मग तुला माझा राग आलाय का?"

"तुझा न्हाई."

सुनंदा उंबऱ्याच्या आतच उभी होती. मार्थाबाई म्हणाली, "ते खरं हाय, सुनंदा. मी तुला सांगितलं ते खरं हाय. एवढं घेऊन जा."

"मला ते नको, आई," सुनंदा म्हणाली. ती रडत नव्हती. आईसारखीच होती ती. "मी ते शनिवारी देऊन टाकलंय."

आणि ती गेली. मार्थाबाईने चुलीतला जाळ पुढे ओढला. चुलीवर काही नव्हतं.

पाऊस पडायच्या आत मार्थाबाई गाव सोडून गेली. योहानने तिला घालवलं नाही आणि थांबवलंही नाही. शेवगावला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला तिला काम मिळालं. मिशनच्या चर्चमध्ये ती परत गेली नाही. पाळकसाहेब दोनदा तिच्याकडे आले. ती त्यांना म्हणाली, "एका दारातून बाहेर पडायला मला वीस वर्षं लागली. आता दुसऱ्यात शिरायला तेवढी वर्षं न्हाईत." श्रीगोंद्याला मात्र एकदा जाऊन आली. भावाने घरात घेतलं नाही. दफनभूमीत कुठली जागा आईची, हे तिला माहीत नव्हतं आणि भावाने दाखवलं नाही. ती परत आली.

मी वाट सोडली ती धाडसाने नाही. आणखी चार वर्षांनी नवऱ्याला शेवगावात गिरणीवर काम लागलं. तिथे जवळ सभा नव्हती. एक रविवार चुकला, मग दोन, मग कुणी विचारायला आलं नाही. सुटलं. माणसं म्हणतात, तुम्ही हिमतीच्या. मी काही हिमतीची नाही. हिमत मी एकीत बघितली आणि तिच्यापुढून ताट मी नेलं.

शेवगावात मी तिच्याकडे जायचे, महिन्या-दोन महिन्यांनी. ताटाचा विषय तिने कधी काढला नाही. मी एकदा काढला, तर म्हणाली, "त्यात काय? रीतच तशी हुती. मी असते तुझ्या जागी तर तुझ्याही पुढून नेलं असतं." हे तिने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. ते खरं होतं, आणि त्यानेच मला जास्त वाईट वाटलं.

शेवटची भेटले ती त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. पोरी शाळेत गेलेल्या. ती पाटावर बसून मेथी निवडत होती. अंबाडा आता लिंबाएवढा झाला होता. केस तिने कापले नव्हते, गळून गेले होते. मी समोर बसून मेथी घेतली. सुनंदाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. ती कधी बेळगावकडे आहे, कधी गुजरातेत आहे असं कानावर यायचं. पत्र एकही आलं नव्हतं. फोटो काढणं वाटेवर पाप, म्हणून पोरीचा एकही फोटो नव्हता, पाळण्यातलासुद्धा नाही.

मार्थाबाई म्हणाली, "दये, एक विचारू का?"

"विचारा की."

"सुनंदाच्या हनुवटीवर तीळ हुता. तो डावीकडं का उजवीकडं?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मेथीच निवडत होती.

"कालपासनं आठवत न्हाई," ती म्हणाली. "डोळे मिटले की कधी इकडं दिसतो, कधी तिकडं."

"डावीकडं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

मला आठवत नव्हतं. ती आयुष्यभर खऱ्याची बाई, आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोलले. तिने मान हलवली आणि काड्या एका बाजूला केल्या. मला म्हणाली, "कोवळी पानं वेगळी ठेव." मी ठेवली. थोड्या वेळाने पोरींची जेवणाची वेळ झाली, ती उठली, मी निघाले.

त्याच पावसाळ्यात ती गेली. योहान तिच्या आधी दोन वर्षं गेला होता. मोठे भाऊ कुठेतरी कुणाच्या तरी घरी वारले. सुनंदा जिवंत आहे, सत्तरीत आहे आणि अजून वाटेवर आहे. मी जिवंत आहे.